गाडी चार बोटं खाली

माझी जुनी गाडी मला अजूनही पिरंगुटच्या चौकात भेटते. उरवड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या माणसाला मी ती विकली. त्याने तिच्या मागच्या काचेवर भलामोठा गरुड चिकटवलाय आणि पुढे लिंबू-मिरची बांधलीय. वाहतूक तुंबली की ती हळूच माझ्या शेजारी येऊन थांबते आणि मला तिचं छप्पर दिसतं. सहा वर्षं ज्या गाडीत मी मांडी ठोकून बसलो, तिचं छप्पर मी कधी पाहिलं नव्हतं. ते बघावं लागतं, कारण मी आता उंच गाडीत बसतो. याचा मला इतका राग येतो की पुढची गाडी हलली तरी मी हलत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

ती सेडान होती. स्टिअरिंग फिरवलं की आधी तिचं नाक वळायचं, मागोमाग अंग, आणि आत बसलेल्या माणसाच्या पोटाला वळण आलं होतं हे कळायचंसुद्धा नाही. असली गाडी मी का विकली, तर आईच्या गुडघ्यांपायी. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी यादी दिली: खुर्ची उंच, पलंग उंच, संडास उंच, खाली बसायचं नाही. बायकोने तिथेच विचारलं, "आणि गाडी?" डॉक्टरांनी तीही यादीत घातली. खोटं कशाला बोलू, तोपर्यंत आईला गाडीतून उतरवताना मी तिला दोन्ही हातांनी विहिरीतून घागर ओढावी तसा ओढत होतो आणि ती दर वेळी म्हणायची, "आरं, हात निखळंल माझा. गुडघं नवं हायेत, हात जुनंच हायेत."

मग माझे मेहुणे पुढे सरसावले. ते महाळुंग्याला एका टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहतात, त्यामुळे उंचीवर त्यांचा फार विश्वास. "दाजी, क्रॉसओव्हर घ्या. हल्ली सेडान कोण घेतं? हाइट इज एव्हरीथिंग." शोरूममधला मुलगा तर त्यांच्याही पुढचा. म्हणाला, "सर, यात तुम्हाला कमांडिंग व्ह्यू मिळतो." मी त्याला विचारलं, मी लग्नात नि बैलगाड्यांच्या शर्यतीत माइकवर बोलणारा माणूस, मला कमांड कोणावर करायचीय? तो हसला आणि त्याने मला सनरूफ उघडून दाखवलं. आणि मी, आयुष्यभर लोकांना बोलण्यात गुंडाळणारा, त्या पोराच्या बोलण्यात गुंडाळला गेलो.

क्रॉसओव्हर म्हणजे काय ते सांगतो. साध्या मोटारीला जीपचा अंगरखा चढवायचा, पायात उंच टाचा द्यायच्या आणि ती डोंगर चढेल असं तिच्या कानात सांगायचं. ती बिचारी ते खरं मानते आणि मिरवते. सरळ रस्त्यावर मिरवतेही झोकात. वळण आलं की टाचा आठवतात.

आई पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा मात्र सगळे खूश झाले. दार उघडलं, ती मागे वळली, टेकली, पाय आत घेतले. ओढाओढ नाही, कण्हणं नाही. "आता कसं," ती म्हणाली, "म्होरं चला." आम्ही मावशीकडे निघालो होतो. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला राहते. पौड सोडलं, धरणाच्या बाजूची वळणं सुरू झाली, आणि गाडी डावीकडे झुकली. सरळ होते न होते तोच उजवीकडे. मग परत डावीकडे, आता जरा जास्त. चौथ्या वळणाला आईने पदर तोंडाला लावला. सहाव्याला मी गाडी थांबवली, पण उशीर झाला होता.

आम्ही अजून दोनदा प्रयत्न केला. एकदा आलेपाक चघळून, एकदा उपाशीपोटी. तिला पुढे बसवून बघितलं, खिडकी उघडी ठेवून बघितलं. मी इतकी हळू चालवली की एका मोकाट बैलाने आम्हाला ओलांडलं. तिसऱ्या खेपेला ती निम्म्या वाटेत चहाच्या टपरीसमोर उतरली, चूळ भरली आणि म्हणाली, "फिरव माघारी. मी आता जात न्हाई." एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. रिक्षा एवढ्या लांब येत नाहीत. म्हणजे विषय संपला.

विषय संपला असता तर मी हे लिहिलंच नसतं. या दोन बहिणींचा एक नेम आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. भात झोडून झालं की आई नवा तांदूळ घेऊन मावशीकडे जाते. मावशी एक दाणा दाताखाली धरते आणि त्याला नावं ठेवते. मऊच हाय. तुकडाच लई हाय. वास कुटं गेला ह्याचा. आई रागावते, दोघी भांडतात, आणि मग त्याच तांदळाचा भात लावून जेवतात. हे गेल्या वर्षी झालं नाही. मावशी अंगणात पडली, तेव्हापासून खाटेवर आहे, आणि आईला गाडी सोसत नाही. चौदा महिने दोघी फोनवर होत्या.

फोनवर एक गोष्ट आम्हाला आधी गमतीची वाटली. मावशी बोलता बोलता विचारायची, "कोण बोलतंय?" आई सांगायची. दोन मिनिटांनी परत, "पर तू कोण?" आई परत सांगायची. एका संध्याकाळी तिने पाच वेळा सांगितलं. मग फोन मांडीवर ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "फोनवर काय, मी कुणीबी आसंन. तोंड बघितलं तर वळखंल ती. अजून तरी वळखंल."

मला राग आला की मी उभा राहतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात उभा राहिलो. गाडीवर बोललो, मेहुण्यांवर बोललो, त्या सनरूफवाल्या पोराची मागची पुढची पिढी काढली. बायको पोळ्या लाटत होती. माझं बोलणं ओसरल्यावर ती म्हणाली, "अहो, झालं असेल तर काय करायचं ते बोला." मी म्हणालो, या गाडीची सेडान करायची. तिला आहे त्या उंचीवरून खाली आणायची आणि वळणावर झुलणं बंद करायचं.

मेहुणे फोनवर बराच वेळ हसले. "दाजी, लोक गाडी वर उचलून घेतात, तुम्ही खाली बसवताय?" मी फोन ठेवला.

आमच्याकडे गाड्या खाली बसवणारे कोण, तर लवळ्याच्या टेकडीवर शिकायला आलेली पोरं. त्यांची एक गाडी कँटीनसमोर उभी असते, इतकी बुटकी की तिच्याखालून मांजर जाईना. मी त्यांना विचारलं. "काका, सिंपल आहे. स्प्रिंग कट करा. दोन वेढे उडवा, गाडी बसते." हे ज्ञान घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो.

हे मिस्त्री मी वीस वर्षं ओळखतो. पिरंगुटच्या पुढे रस्त्याला लागून त्यांचं एकट्याचं गॅरेज आहे. आधी ते उरवड्याच्या एका कारखान्यात स्प्रिंगा बनवायच्या मशिनवर होते. जुम्म्याला दुपारी गॅरेज बंद असतं, एरवी ते गाडीखाली असतात आणि त्यांचे फक्त पाय दिसतात. मी त्या पायांना म्हणालो, "मिस्त्री, स्प्रिंगा कापून द्या."

"कापत न्हाई," पाय म्हणाले.

"का?"

ते बाहेर आले. हात पुसले. "कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडती. मंग चाक एकीकडं आन् तुमी एकीकडं. कुणी सांगितलं तुमाला?"

"कॉलेजच्या पोरांनी."

"त्यांला मरायचं वय हाय. तुमचं काय?" मग त्यांनी गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून तिला दाबलं. ती खाली गेली, वर आली, परत थोडी खाली गेली. "बघा. मऊ किती केलीय. उंच हाय म्हणून झुकती ते निम्मं. मऊ हाय म्हणून झुलती ते निम्मं." उपाय त्यांनी चार वाक्यांत सांगितला. मापाच्या आखूड पण कडक स्प्रिंगा मागवायच्या. त्यांना झेपतील असे शॉकअप. आणि डाव्या नि उजव्या चाकाला एकमेकांशी बांधणारी जी पोलादी कांब असते, ती जाड टाकायची, म्हणजे एक बाजू उठायला लागली की दुसरी तिला धरून ठेवेल.

"करा," मी म्हणालो. "चांगली वीतभर खाली घ्या."

"गाडीचं मंग बघू. आधी आईंना आणा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आईला? गाडी दुरुस्त करायचीय, मिस्त्री."

"गाडीला काय दुखतंय? गुडघं आईंचं हायेत ना?"

मी चिडलो. पण दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. मिस्त्रींनी प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली होती. "बसा, आई." आई बसली. "उठा." आई उठली, हातांवर जोर देऊन, ओठ दाबून. मिस्त्रींनी खुर्चीच्या चारी पायांखाली एकेक लाकडी ठोकळा सरकवला. "बसा. उठा." परत एकेक ठोकळा. असं चार वेळा झालं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. मी शेजारी उभा राहून घाम पुसत होतो, कारण लोकांना वाटत होतं मी माझ्या आईला उठाबशा काढायला लावतोय. पाचव्या वेळी ती हात न लावता, बोलता बोलता उठली. मिस्त्रींनी टेप लावला, जमिनीपासून बैठकीपर्यंत. मग तोच टेप गाडीच्या सीटला लावला.

"चार बोटं," ते म्हणाले. "गाडी आईंपेक्षा चार बोटं वर हाय. तेवढी खाली येईल. पाचवं बोट न्हाई."

"अहो मिस्त्री, तेवढ्याने काय सेडान होतेय?"

"तुमाला सेडान पायजे का आईंना बहिणीकडं न्यायचंय?"

आई म्हणाली, "ह्यो मानूस शाना हाय. ह्याचं ऐक." मी गप्प बसलो. गप्प बसलो की माझा राग पायांत उतरतो. मी गॅरेजला तीन फेऱ्या मारल्या.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि पुढचं सगळं त्या प्रश्नाच्या उत्तरावरून घडलं. "वझं किती आसतं गाडीत? त्या हिशेबानं स्प्रिंग मागवायची."

"तीन माणसं. मी, आई, बायको."

"आन् सामान?"

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं सांगा, दादा. गावाकडची गाडी हाय."

"मिस्त्री, मी काय माणसं कोंबून वडाप चालवतो?" मी म्हणालो. अगदी फणकाऱ्याने म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं: तीन.

स्प्रिंगा आल्या, शॉकअप आले, कांब आली. दोन दिवसांनी गाडी मिळाली. मी एकटाच तिला लवळ्याच्या चढावर घेऊन गेलो, आणि इथे मला माझा राग थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. पहिल्या वळणावर मी सवयीने अंग सावरलं, आणि सावरायचं काही कारणच पडलं नाही. नाक वळलं, मागोमाग अंग वळलं, आणि मी जिथे होतो तिथेच बसून होतो. वर जाऊन मी गाडी फिरवली आणि खाली येऊन परत वर गेलो. तिसऱ्या फेरीला वसतिगृहाच्या वॉचमनने शिट्टी फुंकली. मी त्याला खिडकीतून हात केला, लग्नातल्या वरपित्यासारखा.

तसाच आनंदात घरी आलो. दारासमोर गाडी आली आणि तिच्या पोटाखालून आवाज आला. खर्र. बारीकसा. मी मनात म्हणालो, खडा असेल.

तो खडा नव्हता. आमच्या दारासमोर गतिरोधक आहे. त्याच्याबद्दल आता सांगणं भाग आहे, आणि सांगताना माझे कान तापतात.

गेल्या वर्षी, उंच गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत, आमच्या रस्त्यावर डंपर सुटले होते. खाणीतून खडी घ्यायची आणि महाळुंग्याच्या टॉवरांवर ओतायची, दिवसभर तेच. एका डंपरने आमच्या शेजारच्यांच्या ओट्याची पायरी उडवली. ज्यांची पायरी गेली ते जन्मभर गवंडीकाम केलेले गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नाना सकाळी त्याच पायरीवर बसून दात घासतात, त्या दिवशी दोन मिनिटं उशिरा उठले म्हणून वाचले. मी ग्रामसभेत उभा राहिलो. पाऊण तास बोललो, आणि माइक नव्हता तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचलो. असा गतिरोधक पाहिजे, मी म्हणालो, की डंपरवाल्याला त्याच्या गावचा देव आठवला पाहिजे. टाळ्या पडल्या. अर्ज गेले. कोणी आलं नाही.

मग एका दुपारी काँक्रीटचा मिक्सर गावातून माघारी चालला होता. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. साइटवर माल उरतो, ड्रायव्हरला तो घट्ट व्हायच्या आत कुठेतरी ओतायचा असतो, आणि रस्त्यात तो ज्याला त्याला विचारत जातो. असल्या उरलेल्या मालावर आमच्या गावातले निम्मे ओटे, गोठ्यांच्या जमिनी आणि देवळासमोरचा कट्टा उभा आहे. त्याने मला विचारलं, "भैया, किधर गिराऊँ?" मी रस्त्याच्या मधोमध बोट दाखवलं.

फावडी घेऊन दहा माणसं आली. नाना थापीने आकार देत होते. थोडं झाल्यावर म्हणाले, "बास. एवढा पुरं." मी म्हणालो, "अजून एक थर, नाना." परत म्हणाले, "आरं, बास." आईसुद्धा दारातून म्हणाली, "बास की आता, डोंगर बांधतुयास का?" मी म्हणालो, अजून. ही माझी त्या दिवशीची शब्दकळा. अजून, अजून, अजून. शेवटी रेड्याच्या पाठीसारखा उंच, निमुळता कणा रस्त्यावर तयार झाला. डंपर त्यानंतर खरोखर हळू जायला लागले. उंच गाडीही अलगद जायची. मी त्याच्याकडे बघून खूश व्हायचो.

तर शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी, आई, बायको. आईला मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, सामान काही नाही. "एवढासा तांदूळ," ती म्हणाली होती. सकाळी डिकी उघडली तर आत पोतं होतं. भरलेलं, शिवलेलं. त्याच्या शेजारी कण्यांची पिशवी, दोन भोपळे आणि मावशीला उशाशी लागतो म्हणून पितळी तांब्या.

"हे एवढंसं?"

"चौदा महिन्यांचं हाय," आई म्हणाली.

मी डिकी लावली. आई पुढे बसली, मी चावी लावली, तेवढ्यात शेजारच्या काकी टोपली घेऊन आल्या. "पौडापर्यंत सोड रं. गाडी रिकामीच चाललीया." गाडीत एक जागा उरली तरी आमच्याकडे ती रिकामी असते. काकींच्या मागून त्यांच्या लेकीसाठी दोन गोण्या कांदा आला. मला मिस्त्रींचा चेहरा आठवला. खरं सांगा, दादा. आठवला, तरी मी गिअर टाकला, कारण नाही म्हणायची सोय नव्हती.

दारातून बाहेर पडलो आणि पंचवीस पावलांवर गाडी थांबली. पुढची चाकं गतिरोधकाच्या पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली, आणि गाडीने पोट टेकलं. मी वेग दिला. चाकं नुसती घासली, रबराचा वास आला. मागे घेऊन बघितली. नाही. माझी कडक स्प्रिंगांची, जाड कांबेची, वळणावर न हलणारी सेडान माझ्याच दारासमोर म्हशीसारखी बसली होती.

मी खाली उतरलो. उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं आणि मला कळलं की कोणाला बोलू, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मेहुणे तिथे नव्हते. शोरूमचा पोरगा नव्हता. मिस्त्रींनी तर विचारलं होतं. मी गतिरोधकाला एक लाथ मारली. बोटाला लागलं, त्याचंही सांत्वन कोणी केलं नाही.

काकी उतरल्या. बायको उतरली. नाना दात घासायचे थांबून आले आणि गाडीखाली वाकून बघायला लागले. त्यांचं ते वाकणं मला पाऊण तासाच्या भाषणासारखं लागलं. तेवढ्यात मागे डंपर आला. त्याच्यामागे दुसरा. हॉर्न सुरू झाले. पहिल्या डंपरचा ड्रायव्हर उतरून आला, टाचांवर बसून त्याने खाली नजर टाकली आणि मान हलवत विचारलं, "ये किस गधे ने बनाया है?"

 नानांनी ब्रशकडे बघितलं, काकींनी टोपलीकडे, बायकोने आकाशाकडे बघितलं. पुढच्या सीटवरून काच खाली झाली आणि आई म्हणाली, "ह्योच की. ह्योच हाय तो. माझाच हाय."

ड्रायव्हरला मराठी समजत होतं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने आपल्या क्लीनरला हाक मारली. कांदा उतरला, पोतं उतरलं, भोपळे उतरले. मी आईचं दार उघडलं. ती म्हणाली, "मी उतरणार न्हाई. हितं उतरले तर तू उद्या म्हनशील, राहू दे, पुढच्या वर्सी जाऊ."

"आई, वजन कमी करायला पाहिजे."

"मंग तू जरा कमी बोल."

ड्रायव्हर म्हणाला, "माताजी को बैठने दो." तो, क्लीनर, नाना आणि मी, चौघांनी मागून गाडी उचलून धरली आणि बायकोने ती पुढे घेतली. पोटाखाली असा आवाज झाला की माझ्या दातांत कळ गेली. पण गाडी पलीकडे गेली. सामान डोक्यावरून पलीकडे गेलं आणि परत भरलं गेलं. कांद्याच्या गोण्या तेवढ्या राहिल्या. काकी म्हणाल्या, "राहू दे, माझी लेक कांद्याबिगर मरत न्हाई." डंपर गेले. जाताना ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, छोटासा, सलामीसारखा.

काकींना पौडात उतरवलं. आणि मग वळणं सुरू झाली. मी आईकडे बघायचं टाळत होतो. पहिलं वळण. दुसरं.  चौथ्या वळणाला आईने पदराला हात घातला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. तिने पदराने चष्मा पुसला. सहाव्या वळणाला ती बाहेर बघत म्हणाली, "धरणात पानी बरं हाय औंदा." तिथून पुढे तिचा डोळा लागला. तोंड उघडं ठेवून, मान एका बाजूला टाकून ती झोपली, आणि तिची मान कुठल्याही वळणावर हलली नाही.

मावशीच्या दारात मी दार उघडलं. आई मागे वळली, पाय बाहेर टाकले आणि उठली. खुर्चीवरून उठावी तशी, बोलता बोलता. "पोतं आण," एवढंच म्हणाली.

मावशी खाटेवर होती. केवढीशी झाली होती. तिने आईकडे बघितलं आणि विचारलं, "कोण आलंय?" आईने सांगितलं नाही. खाटेच्या कडेला बसली. मावशीने माझ्याकडे बघितलं, माझ्या बायकोकडे बघितलं, परत आईकडे. "कोण म्हनायचं?" मी पुढे होऊन बोलणार होतो, बायकोने माझी बाही धरली.

आईने पोत्याची शिवण दाताने तोडली, मूठभर तांदूळ काढला आणि मावशीच्या तळहातावर ठेवला. मावशीने तो बोटाने पसरवला. एक दाणा उचलला, बाजूच्या दाताखाली धरला, कारण पुढचे राहिलेले नाहीत. कचकन आवाज झाला. तिने तोंड वाकडं केलं.

"तुकडा लई हाय," ती म्हणाली. "दर साली तुला सांगते, कडक उनात वाळवू नगं. ऐकत न्हाईस." मग तिने हातातला तांदूळ खाटेवर टाकला आणि आईचं मनगट धरलं, घट्ट, चिमटा बसेल असं. "आन् चौदा म्हैनं कुटं मेली हुतीस?"

"ह्याला इचार," आईने माझ्याकडे हनुवटी केली.  "ह्यानं दारात डोंगर बांधलाय."

त्या दिवशी मला दोघींनी मिळून झापलं. मी उभा राहून ऐकून घेतलं. मग भात झाला.

रविवारी सकाळी मी नानांची छिन्नी आणि मोठा हातोडा घेऊन रस्त्यावर बसलो. गतिरोधक काढून टाकायचा नव्हता, डंपर काही कुठे गेले नाहीत. त्याचा माथा उतरवून दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा होता. किती उतरवायचा, तर नानांनी रेघ मारून दिली. चार बोटं. काँक्रीट असं मुरलं होतं की एकेका टवक्याला मी त्या मिक्सरवाल्याला, माझ्या तोंडाला आणि ग्रामसभेतल्या टाळ्यांना शिव्या घालत होतो. नाना शेजारी बसून दात घासत होते. मध्येच ब्रश काढून म्हणाले, "अजून एक थर, नाना." माझ्याच आवाजात. वर्षभर जपून ठेवलं होतं त्यांनी ते.

कालचा डंपर आला. हळू झाला, ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं, "थोड़ा और, चाचा," म्हणाला आणि गेला. मला चाचा म्हणाला. मी हातोडा उगारला, पण तो लांब गेला होता.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. खुर्चीखाली ठोकळे होते, मिस्त्रींनी देऊन टाकलेले. मांडीवर फोन होता.

"लाव रं तिला," ती म्हणाली. "सांग, शनवारी येतो."

"आई, हे आधी होऊ दे. हात भरलेत माझे."

"ते हुईल. तू लाव."

मी हात पुसले, फोन लावला आणि तिच्या कानाला धरला. पलीकडून मावशीने विचारलं असावं, कोण बोलतंय. आई चिडली नाही. तिने सांगितलं कोण. मग म्हणाली, "तुकडा लई हाय म्हनलीस ना? ती मी. शनवारी येते, तवा भांड." आणि फोन स्वतःच्या हातात घेऊन मला गतिरोधकाकडे खूण केली, चालू ठेव.

मी चालू ठेवलं.